मदत हवी आहे: मुलाच्या टिक्ससाठी अ‍ॅक्युपंक्चर करावं का?

नमस्कार. माझा 9 वर्षांचा मुलगा सारखे डोळे मिचकावतो, मान झटकतो, घसा खाकरल्यासारखा आवाज काढतो. वर्षाहून जास्त काळ हे चाललंय, न्यूरॉलॉजिस्टनी टूरेट सिंड्रोम, म्हणजे अशा आपोआप होणाऱ्या हालचाली-आवाजांचा (टिक्सचा) विकार, असल्याचं सांगितलंय. औषधाआधी सीबीआयटी ही वर्तनोपचार पद्धत सुचवली आहे.

सासूबाईंचा आग्रह अ‍ॅक्युपंक्चरचा. त्यावरचे बरेचसे अभ्यास चीनमधले आणि दर्जाने कच्चे आहेत, असं वाचलं. त्यामुळे सीबीआयटी सोडून तिकडे जाणार नाही, पण जोडीला करावं का? तो सुयांना फार घाबरतो, आणि ताण आला की टिक्स वाढतात, हीच खरी काळजी. कुणी लहान मुलावर हा उपचार केला आहे का? मूल तयार कसं झालं? पुण्यात मराठीतून सीबीआयटी शिकवणारं कुणी माहीत असेल तर तेही कृपया कळवा.