गॅलरीतल्या कढीपत्त्यावर अळ्या: ठेवायच्या असतील तर काय करावं?

गॅलरीबाग_कोथरूड
तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, ऊन सकाळी 7 ते 11. 14 इंची कुंडीत तीनेक फुटी कढीपत्ता, शेजारी जास्वंद, गुलाब, पानफुटी. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या सात-आठ अळ्या आहेत. या फुलपाखराच्या आहेत हे कळतंय, त्यामुळे मारायच्या नाहीत. उलट कोषापर्यंतचा प्रवास नीट बघायचा आहे. तीन शंका आहेत. एवढं झाड इतक्या अळ्या पोसेल का? त्यांना डब्यात घ्यावं की झाडावरच राहू द्यावं? आणि जास्वंदीवर मावा आलाय, त्यावर कडुलिंबाचं तेल मारलं तर या अळ्यांना त्रास होईल का? सोसायटीत डासांची धूरफवारणीही होते.

पानोपानी
वर्णनावरून लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन. पुण्यात कढीपत्त्यावर आणि लिंबावर ही दोन्ही नेहमी येतात. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडं सुटं घालते, फिकट पिवळं, मोहरीपेक्षा लहान. अळी चार वेळा कात टाकते. तोवर ती शिटेसारखी दिसते आणि चौथ्या कातीनंतर एकदम हिरवी होते, डोक्यामागे डोळ्यांसारखी नक्षी घेऊन. या हिरव्या अळीला काडीने हलकेच डिवचलं तर मानेजवळून दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदा बघायला हरकत नाही, पण पुन्हा पुन्हा डिवचू नका, तिची ताकद त्यात जाते.

आता खाण्याचा हिशोब. सगळ्यात जास्त पानं हिरव्या अवस्थेतच फस्त होतात. लहान अळ्या बघून "काही खात नाहीत" असं वाटतं आणि शेवटच्या चार दिवसांत झाड बोडकं होतं. तीन फुटी झाडावर चार-पाच अळ्या ठेवा, बाकीच्या कात्रीने पानासकट उतरवून दुसऱ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर ठेवा. चिमटीत धरून ओढू नका, पाय पानाला घट्ट धरून असतात, अळी फाटते. पानं गेली तरी शेंडे शाबूत असले तर महिन्याभरात फुटवा येतो. वर दोन मुठी शेणखत घाला.

डब्याबद्दल माझं मत असं: झाडावर वाढलेली अळी बघण्यात जी मजा आहे ती डब्यात नाही. पण बुलबुल आणि गांधीलमाश्या रोज येत असतील तर झाडावर एखादीच वाचते. डबा घेतलात तर मोठा घ्या, तोंडाला मलमलचं फडकं बांधा. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या पाण्यात पडून मरतात. विष्ठा रोज काढा, साचली की बुरशी धरते. आत वीतभर लांबीची खडबडीत काडी तिरकी ठेवायला विसरू नका, कारण सगळा डाव तिथेच बिघडतो. बाहेर आलेल्या फुलपाखराला धरून लटकायला जागा मिळाली नाही तर पंख सरळ होण्याआधीच चुरगळून वाळतात, मग ते कधीच उडत नाही.

माती_आणि_मावा
मावा आणि तेलाबद्दल. कडुलिंबाचं तेल अळ्यांनाही बाधतं, ते "नैसर्गिक" आहे म्हणून निवड करत नाही. जास्वंदीवर आधी तेल नकोच. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानाची खालची बाजू आणि कळ्या धुवा, दोन दिवसांआड, तीनदा. पडलेला मावा सहसा परत चढत नाही. एवढं करूनही राहिला तर लिटरभर पाण्यात 5 मिली तेल, त्यात साबणाच्या पाण्याचे काही थेंब (नाहीतर तेल वर तरंगतं), आणि फवारणी संध्याकाळी, फक्त बाधित फांद्यांवर. कढीपत्ता त्या वेळी दूर सरकवून ठेवा.

पण धुण्याआधी भिंगातून बघा, माव्यात दुसरं काय आहे ते. काळी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, मगरीच्या बाळासारखी काही हालचाल दिसली तर ती ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंगेऱ्याची) अळी, ती मावा खाते. तिला "कीड" समजून मारणारे बरेच जण आहेत. पांढरी मेणाची झालर असलेली पण भरभर चालणारी अळी दिसली तर तीही ढालकिड्याचीच, पिठ्या ढेकूण (तशीच पांढरी दिसणारी कीड) इतका वेगात चालत नाही. तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी होव्हरफ्लायची (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माशीची), तिच्या पायांशिवायच्या अळ्याही मावाच खातात. ही मंडळी असतील तर धुणं थांबवा.

ढालकिड्यांतला एक अपवाद: वांग्याच्या किंवा बटाट्याच्या पानावरचा तपकिरी, मळकट, अंगावर बारीक लव असलेला, भरपूर ठिपक्यांचा भुंगेरा पानं खातो. चकचकीत तो मित्र, लवदार तो नाही.

मुंग्याही बघा. माव्याचा गोड द्राव मिळतो म्हणून त्या ढालकिड्यांना हाकलतात. जास्वंदीची कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा आणि फांद्या भिंतीला टेकू देऊ नका, मुंग्यांची वाट बंद होते. ताटलीतलं पाणी मात्र दोन-तीन दिवसांनी ओता, साठलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात.

धुराच्या दिवशी झाडांवर जुनी चादर टाका, धूर ओसरला की तासाभराने काढा. मधमाश्या वाचतात, पण मॅनेजिंग कमिटीला विचारून वेळ आधी कळवून घेणं जास्त उपयोगी.

गोलपान
तुमच्या यादीतली पानफुटी कुणी उचलली नाही, म्हणून लिहितो. रेड पिअरो या फुलपाखराची अळी पानफुटीच्या जाड पानाच्या आत राहते. पान वरून धडधाकट दिसतं. सकाळच्या उन्हाकडे धरून बघा: आतला गर खाल्लेला भाग पारदर्शक, त्यात काळी विष्ठा आणि मध्ये सरकणारी अळी. असं पान तोडून फेकू नका. पानफुटी मुळापासून पुन्हा फुटते, नुकसान काहीच नाही.

गुलाबाच्या पानांच्या कडेला कातरल्यासारखे अगदी गोल तुकडे गेलेले दिसतील तर ते अळीचं काम नाही, पानकापी मधमाशीचं आहे. पान कातरायला तिला काही सेकंद लागतात. लांबट तुकड्यांच्या भिंती आणि गोल तुकड्यांची झाकणं करून ती नळीत पिलांच्या खोल्या रचते. परागकण पायांवर नाही, पोटाखाली पिवळे दिसतील. तिच्यासाठी 6 ते 10 मिमी भोकाचे, वीतभर बांबूचे तुकडे, एका टोकाला पेर शिल्लक ठेवून, स्लॅबखाली पावसापासून आडोशाला आडवे बांधा. फांदीला टांगू नका, हलती नळी तिला चालत नाही.

आणि कोथिंबीर, शेपू थोडी फुलोऱ्यावर जाऊ द्या. होव्हरफ्लाय असल्या फुलांवर येतात.

गॅलरीबाग_कोथरूड
खूप आभार. अळ्या कमी करते, तेल रद्द. एक विचारायचं राहिलं: भिंतीवर आधीचा एक कोष आहे, हिरवा होता, आज गडद झालाय. मेला का?

पानोपानी
कवचातून पंखांची पिवळी-काळी नक्षी दिसत असेल तर उद्या-परवा सकाळी बाहेर येईल. सगळा सारखाच काळपट, कडक झाला असेल आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तर परजीवी गांधील आत होती, तो काढून टाका. नक्षी दिसत असेल तर हात लावू नका, खाली जुना कागद अंथरा. पंख पसरताना द्रवाचे थेंब गळतात, फरशीवर डाग राहतो. बाहेर आल्यावर दोन-तीन तास त्याला उडवायला जाऊ नका.