बाळ श्वास घ्यायचं विसरतं
देवगडची आजी: लेकीचं बाळ 31व्या आठवड्यात झालं. रत्नागिरीला पेटीत ठेवलंय, नाकात नळ्या. मध्येच श्वास थांबतो, मशीन कोकलतं, सिस्टर तळव्याला टिचकी मारते की पुन्हा सुरू! डॉक्टर कॅफीन देतायत. चहातलं?

उत्तर १: तेच हो आजी. मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं, कॅफीन त्याला जागं ठेवतं. आमच्या पोराचं हे श्वास विसरणं, पोटातले आठवडे धरून, 35व्या आठवड्याच्या सुमारास थांबलं. तोवर माझाच जीव टांगणीला.

उत्तर २: नळ्यांतल्या हवेच्या दाबाने फुफ्फुसातले बारीक फुगे मिटत नाहीत. ते उघडे ठेवणारा साबणासारखा पदार्थ एवढ्या लवकर पुरेसा नसतो.

आजी: आज लेकीने छातीशी धरलंन. तासभर मशीन गप्प होतं हो!