नोटरीकडे जाताना कागदपत्रं आणि ओळखपत्रांची तयारी : तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात आईला घेऊन नोटरीकडे गेले आणि काम न होता परत आले. फाइल नीट लावून नेली होती तरी. आईच्या नावावरची जागा विकायची आहे, तिला आता प्रवास झेपत नाही म्हणून भावाच्या नावे मुखत्यारपत्र करायचं होतं. मसुदा वकिलांकडून आलेला, मी दोनदा वाचलेला. ओळखपत्र म्हणून आईचं लायसन्स नेलं. समोरच्या बाईंनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि तारखेवर बोट ठेवलं. मुदत संपून अकरा दिवस झाले होते. आईने गाडी चालवणं कधीच सोडलंय त्यामुळे ती तारीख घरात कोणी बघितलीच नव्हती. पासपोर्ट चालेल का विचारलं तर म्हणाल्या चालेल, पण तो होता घरी, आणि फोनवर फोटो मागवून बघितला तर त्यात आईचं नाव एका अक्षराने वेगळं! मसुद्यात दोनदा 'ए', पासपोर्टवर एकदाच. म्हणजे त्या दिवशी पासपोर्ट सोबत असता तरी अडलंच असतं.

आई गाडीत काही बोलली नाही, फक्त दोन जिने परत उतरताना तिचा गुडघा किती दुखतोय ते दिसत होतं. ते बघून मला स्वतःचा फार राग आला, कारण हे सगळं आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर कळण्यासारखं होतं. कागद शेजारी शेजारी ठेवून नाव एकेक अक्षर लावून बघायचं, एवढंच तर काम होतं.

पुढच्या आठवड्यात परत जायचंय. तुम्ही काय काय नेलं, काय राहिलं, कशामुळे हेलपाटा पडला किंवा वाचला ते सविस्तर लिहा प्लीज. छोटं वाटलं तरी लिहा.

*

ताई, धागा काढलात बरं केलंत. माझं अडलं सहीवर. मी आपला शहाणपणा करून घरूनच सगळ्या पानांवर सह्या करून गेलो, म्हटलं तिथे वेळ नको जायला, आणि नोटरींनी शेवटचं पान बघितलं आणि मान हलवली, म्हणाले हे परत प्रिंट काढून आणा. तेव्हा त्यांनी समजावलं ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाले कागद दोन प्रकारचे असतात. एकात तुम्ही शपथेवर सांगता की आत लिहिलंय ते खरं आहे, म्हणजे प्रतिज्ञापत्र, तिथे शपथ घ्यायची आणि सही त्यांच्या डोळ्यांदेखत करायची. दुसऱ्यात फक्त कबुली असते की ही सही माझीच आहे आणि मी ती राजीखुशीने केलीय, तिथे काही ठिकाणी आधी केलेली सही चालते. माझं प्रतिज्ञापत्र होतं. तुमचा कागद कुठल्या प्रकारात बसतो हे तुम्हाला माहीत नसेल तर सरळ सहीची जागा कोरी ठेवून जा, तारखेचीही. कोरी ठेवल्याने कोणाचं काम अडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

*

सही आधी करू नये याला अनुमोदन. माझा अनुभव वडिलांचा आहे. त्यांचा हात थरथरतो, पासपोर्टवरची सही बारा वर्षांपूर्वीची आणि आताची यात काही साम्यच राहिलेलं नाही. आम्ही दुपारची वेळ घेतली होती ही पहिली चूक. दुपारी त्यांचं औषध उतरत आलेलं असतं, हात जास्त हलतो, आणि माणूसही थकलेला असतो. तीनदा पेन धरलं आणि तीनदा खाली ठेवलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस.

नोटरी फार समजूतदार निघाले. म्हणाले काका, आज राहू दे, अंगठाही चालतो, फक्त त्याची पद्धत वेगळी आहे. अंगठा किंवा खूण असेल तर साक्षीदार लागतात, किती ते जागेजागी वेगळं, आम्हाला दोन सांगितले. मी म्हटलं मी एक आणि माझी बहीण एक, तर म्हणाले तुमची नावं तर कागदातच आहेत, ज्याला कागदातून काही मिळणार आहे तो साक्षीदार होऊ नये. मग वडिलांचे दोन जुने मित्र आले. त्यांचीही ओळखपत्रं लागतात हे मी फोनवर आधीच विचारून घेतलं म्हणून वाचलो, नाहीतर ते दोघं हात हलवत आले असते.

सकाळी साडेनवाची वेळ घेतली. वडिलांनी अंगठा न देता सहीच केली. वाकडी आली, पण त्यांची होती.

*

थोडक्यात सांगते. पासपोर्टचा फोटो फोनमध्ये होता, ओरिजिनल घरी. नाही चालला. कलर झेरॉक्सही नाही चालली. ओरिजिनलच न्या, आणि एकाऐवजी दोन ओळखपत्रं न्या.

*

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांसाठी लिहितेय, कारण यात मी तीन चकरा मारल्यात. डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, बँकेत माहेरचं आडनाव आणि सासरचं आडनाव दोन्ही. माणूस एकच, पण समोर बसलेल्याने ते कशावरून मानायचं? तर दोन नावांच्या मधला पूल असलेला कागद लागतो. माझ्या बाबतीत लग्नाचा दाखला, कोणाच्या बाबतीत नाव बदलल्याची सरकारी नोंद किंवा कोर्टाचा हुकूम. दोनदा नाव बदललं असेल तर दोन पूल, मधला एक जरी नसला तरी साखळी तुटते. आणि तो दाखलाही ओरिजिनल किंवा देणाऱ्या ऑफिसकडून घेतलेली प्रमाणित प्रत असावी.

अजून एक गोष्ट बारकाईने बघा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला त्या दोन ओळी असतात ना, मशीनने वाचायच्या, त्यात प्रत्येक ओळीला ४४ जागा असतात आणि नावाला त्यातल्या ३९ मिळतात. माझं पूर्ण नाव लांबलचक, तिथे शेवटची अक्षरं कापली गेलीत. फॉर्म भरून देणाऱ्या मुलाने त्या ओळीवरून नाव उतरवलं आणि ते अर्धवट नाव मसुद्यात आलं. नाव घ्यायचं ते वर छापलेलं, खालच्या ओळीतलं नाही. मी आता कुठल्याही मसुद्यावर पेन्सिल फिरवत एकेक अक्षर बोलून वाचते, आणि दुसऱ्या कोणाला तरी पासपोर्ट हातात घेऊन ऐकायला लावते. स्वतःचं नाव स्वतः वाचताना चूक दिसत नाही, डोळे सवयीने पुढे जातात.

*

तारखेचंही बघा. भाषांतर केलेल्या जन्मदाखल्यात ०३/०७ होतं, मूळ दाखल्यात ७ मार्च. भाषांतर करणाऱ्याने महिना आधी लिहिला होता, वाचणाऱ्याने दिवस आधी धरला. झाली ३ जुलै. तेव्हापासून मी महिना अक्षरात लिहूनच मागतो. आणि भाषांतरावर नोटरीचा शिक्का असला तरी बहुतेक वेळा ते भाषांतर बरोबर असल्याची साक्ष देत नसतात, भाषांतरकाराने त्यांच्यासमोर शपथेवर सही केली एवढीच देतात. म्हणून अपॉइंटमेंटला भाषांतरकार स्वतः लागतो. मी एकटाच गेलो होतो.

*

कागद परदेशी जाणार असेल तर माझं वाचा, खूप मनस्ताप झालाय म्हणून जरा मोठं लिहितोय.

मी नोटरी झाली म्हणजे काम झालं असं समजत होतो. ज्या ऑफिसला कागद द्यायचा होता त्यांनी कळवलं की यावर अपोस्टिल पाहिजे. म्हणजे काय हे शोधत बसलो. हेग इथे ५ ऑक्टोबर १९६१ ला एक करार झाला, त्यात सामील असलेले देश एकमेकांचे सरकारी आणि नोटरी केलेले कागद या एका प्रमाणपत्रावर स्वीकारतात, वकिलातीच्या लांब रांगेतून जावं लागत नाही. ते चौकोनी असतं आणि वर मथळ्यात फ्रेंचमध्ये त्या कराराची तारीख लिहिलेली असते. दोन्ही देश करारात असावे लागतात, आणि यादी बदलत असते म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये, त्याआधी या दोन देशांसाठी वेगळाच मार्ग होता. माझ्या भावजयीने २०२२ मध्ये कॅनडासाठी केलं होतं तेव्हा तिला वकिलातीत जावं लागलं आणि ती मला तेच सांगत होती, तिचंही बरोबर होतं तेव्हाच्या हिशेबाने.

अपोस्टिल सांगतं ते फक्त सही खरी आहे, सही करणारा त्या अधिकारावर आहे आणि शिक्का खरा आहे. आत काय लिहिलंय त्याच्याशी संबंध नाही. आणि ते नोटरी देत नाहीत, त्यासाठी सरकारने नेमलेलं ऑफिस असतं, त्याचा वेळ वेगळा धरा.

आता माझी चूक. सगळं होऊन कागद हातात आला, कोपऱ्यात पिन मारलेली आणि त्यावर अर्धा शिक्का या पानावर अर्धा त्या पानावर असा. मला स्कॅन करायचा होता, पानं सपाट बसेनात म्हणून मी पिन काढली. अगदी जपून, नखाने. स्कॅन केला, परत त्याच भोकांत पिन बसवली. पलीकडच्या ऑफिसने परत पाठवला. त्यांचं म्हणणं एकच, पानं वेगळी झाली होती म्हणजे मधलं पान बदललेलं नाही हे आम्ही कशावरून मानायचं. वाद घालण्यासारखं काही नव्हतं, मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. पूर्ण काम पहिल्यापासून. पिन, रिबीन, लाख, जे काही असेल त्याला हात लावू नका, पानं वाकवून जसा येईल तसा फोटो घ्या.

*

मी व्हिडिओवरून केलं, बऱ्याच देशांत आता सोय आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने सगळ्यात आधी सुरू केलं, २०१२ पासून. ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरताना दिव्याची चकाकी येऊन फोटोच दिसेना, शेवटी टेबल लॅम्प बंद करून खिडकीकडे तोंड करून बसले तेव्हा झालं. पण त्याच्या आधी एक फोन करा, जिथे कागद द्यायचाय तिथे, की व्हिडिओवरची नोटरी तुम्हाला चालते का. माझ्या मैत्रिणीने नंतर विचारलं आणि तिला प्रत्यक्ष जाऊन परत करावं लागलं.

*

मी नोटरीच्या ऑफिसात नऊ वर्षं टेबलावर बसते. वरचे सगळे प्रतिसाद वाचले, प्रत्येकातलं माणूस माझ्यासमोर येऊन गेलंय असं वाटलं. मला रोज दिसतं ते सांगते.

कोऱ्या जागा. 'लागू असल्यास' लिहिलेले रकाने लोक रिकामे सोडतात. रिकामी जागा म्हणजे सहीनंतर कोणीही काहीही भरू शकतं, म्हणून साहेब थांबवतात. तिथे 'लागू नाही' लिहून आणा किंवा रेघ मारा. व्हाइटनर लावू नका, चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, वर बरोबर शब्द, आणि शेजारची छोटी सही आमच्यासमोर. 'परिशिष्ट अ जोडले आहे' असं आत लिहिलेलं असतं आणि परिशिष्ट घरी राहिलेलं असतं, हे आठवड्यातून एकदा तरी होतं.

लोक मला विचारतात ताई, हा मजकूर बरोबर आहे ना? मी सांगू शकत नाही. आमचं काम समोरचा माणूस कोण आहे, त्याला कागद समजलाय का आणि तो स्वतःच्या मर्जीने सही करतोय का, एवढं बघायचं. मजकुराची शंका असेल तर आधी वकिलांकडे जा. आणि जन्ममृत्यूच्या दाखल्याची खरी नक्कल आमच्याकडून करून मागू नका, बऱ्याच ठिकाणी ती फक्त नोंदणी करणारं ऑफिसच देतं.

दाढी वाढवली, वजन खूप उतरलं, केमो झाली, तर फोटो जुळत नाही. असं असेल तर फोन करतानाच सांगा. सांगायला संकोच वाटतो हे कळतं मला, पण आम्ही मग दुसरं ओळखपत्र किंवा ओळख पटवणारा माणूस सुचवू शकतो आणि तुमच्यावर समोरासमोर प्रश्न ऐकायची वेळ येत नाही. उठावाचं सील स्कॅनमध्ये दिसत नाही, कागद पुढे स्कॅन होणार असेल तर तेही आधी सांगून ठेवा, शाईचा शिक्का मारता येतो.

ताई, आईंना घेऊन याल तेव्हा एक होईल, साहेब तुम्हाला बाहेर बसायला सांगतील. वाईट वाटून घेऊ नका.

*

धागाकर्ती परत लिहितेय. काल झालं काम.

पासपोर्ट नेला, मसुद्यातलं नाव वकिलांकडून दुरुस्त करून घेतलं, सकाळची वेळ घेतली. आदल्या रात्री आई पासपोर्ट धरून बसली आणि मी मसुदा वाचला, अक्षर अक्षर, जन्मतारखेचा महिना अक्षरात. दोन रिकामे रकाने सापडले, 'लागू नाही' लिहिलं. सहीची जागा कोरी. कागद दुसऱ्या देशात जायचा म्हणून अपोस्टिलचंही तिथेच विचारून घेतलं.

आणि खरंच मला बाहेर बसवलं. तुम्ही सांगितलं नसतं तर मला लागलं असतं ते. दार अर्धं उघडं होतं, आवाज येत होता. त्यांनी विचारलं, आजी, हा कागद कशाचा आहे? आई म्हणाली, "माझ्या घराचा. विकायचा अधिकार मुलाला देतेय, पण फक्त या एका घरापुरता, आणि मला वाटलं तर मी तो काढून घेऊ शकते." मी तिला हे कधी समजावलं नव्हतं. तिने मसुदा स्वतः वाचला होता, बहुधा रात्री मी झोपल्यावर.

शिक्का अर्धा या पानावर, अर्धा त्या पानावर. पिन मी बघितली फक्त, हात नाही लावला. आता अपोस्टिलला दिलाय, तिथून भावाकडे जाईल.