‘घेई छंद’ची तुलना करताय, पण चाल तरी एकच आहे का?

फोंडेकर: काल इथे एक पोस्ट वाचली, की शंकर महादेवनने ‘घेई छंद मकरंद’ हे नाट्यपद वसंतराव देशपांडेंपेक्षा सरस गायलंय आणि जुनी रेकॉर्ड आता ऐकवत नाही. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. अहो, १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकात संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी या पदाला दोन चाली दिल्यात, धानी रागातली गायली प्रसाद सावकारांनी आणि सालगवराळी रागातली, खाँसाहेबांच्या भूमिकेत, वसंतरावांनी. त्याच नाटकावरच्या २०१५ च्या सिनेमात महादेवन गातात ती धानीतली, खाँसाहेबांची चाल तिथे राहुल देशपांडेंच्या गळ्यात आहे. म्हणजे तुलना करायचीच तर सावकारांशी करा की! आमच्या गोव्याचा माणूस, आणि नेमकं त्याचंच नाव कुणी घेत नाही याचा जास्त राग येतो.

सायली_म: पोस्ट माझीच होती. चालींमध्ये माझा घोळ झाला, मान्य. पण माझी मुलगी आठवीत आहे, ती सिनेमा बघूनच गाण्याच्या क्लासला जायला लागली. घरात वसंतरावांची कॅसेट वर्षानुवर्षं पडून होती, तिने कधी हात नाही लावला. आता स्वतःहून दोन्ही चाली लावून ऐकते. नवीन गाणाऱ्यांनी हे केलंय, तुमच्या रागाने नाही.

कोपऱ्यातला: सगळं ठीक, पण ऑर्गनचं काय? आजकाल नाट्यपदांचे कव्हर बघा, मागे गिटार नाहीतर कीबोर्ड. माझे काका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. पायाने भाता मारता मारता गायकाच्या तोंडाकडे बघत बसायचे, तो श्वास घेणार हे त्यांना आधी कळायचं, तेवढ्यात सूर भरून ठेवायचे. तो भरणा नसेल तर पद उघडं पडतं.

सायली_म: विषय काय, बोलताय काय! प्रत्येक धाग्यावर तुमचा ऑर्गन येतोच.

काळी_पाच: मी कीबोर्ड वाजवतो, रोज हे ऐकून कंटाळलोय. गणपतीत एका संध्याकाळी तीन कार्यक्रम असतात, एक गायिका काळी पाच पट्टीत गाते, दुसरा गायक काळी एक पट्टीत. बटण दाबलं की पट्टी बदलते. ऑर्गन टेम्पोत चढवायला चार माणसं लागतात, तुम्ही येणार का उचलायला? आणि मानधन किती मिळतं ते विचारलंत कधी आम्हाला?

कोपऱ्यातला: येईन उचलायला, खरंच सांगतोय. तुमची अडचण पटते, तरी कीबोर्डचा सूर दाबला की पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो. ऑर्गनचा पायाच्या जोरावर फुगतो, ओसरतो.

काळी_पाच: व्हॉल्यूमचं पेडल असतं हो कीबोर्डला. पण ठीक आहे, ती हवा त्यात नाही, एवढं मान्य करतो. यापेक्षा जास्त नाही.

फोंडेकर: सावकारांबद्दल कुणीच काही बोलत नाहीये.

सायली_म: ऐकलं आत्ता, सावकारांचं. दोनदा. फार गोड आहे, तान घेतात ती कळतसुद्धा नाही. तरी मला महादेवनच आवडतो.

कोपऱ्यातला: काकांचा ऑर्गन आमच्याकडेच आहे, डाव्या पायाचा पट्टा तुटलाय आणि भात्यातून हवा जाते. दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का?

काळी_पाच: एक जण आहे ओळखीचा, हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करतो. फोटो पाठवा, विचारतो.