मदत हवी आहे: २७ किमीला पाय बंद पडतात, कोणतं जेल घेऊ?

अर्धा_पल्ला
पाच आठवड्यांवर पहिली फुल मॅरेथॉन (४२.२ किमी) आली आहे. लाँग रनला २५-२६ किमीपर्यंत मजेत पळतो आणि मग एकदम सगळं संपतं. सलग तीन रविवार हेच चाललंय. काल २७ व्या किलोमीटरला मांड्या लाकडासारख्या झाल्या, पाय उचलायचा म्हटलं तरी उचलेना. गार घाम सुटला. घड्याळात बघितलं तर आकडे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागेना. दाताने जेलचं, म्हणजे त्या घट्ट साखरेच्या पाकाचं, पाकीट फाडलं, अर्धं तोंडात गेलं, अर्धं बोटांना चिकटलं. पाच मिनिटांत पोटात अशी कळ आली की गुडघ्यांवर हात टेकून उभाच राहिलो. पुढचे तीन किमी चालत घरी.
जेल बदलायला हवं एवढं कळलंय. पोटाला न बाधणारं आणि लगेच ताकद देणारं कुठलं? जरा लवकर सांगा, मागवायला वेळ जातो. आणि कृपया "पहिलीच आहे, नुसती पूर्ण करा" असं कोणी लिहू नका.

मैलाचा_दगड
जेलचं नंतर बघू. पेस, म्हणजे एका किमीला किती मिनिटं, किती होता? पहिलं जेल कितव्या किमीला? निघण्याआधी काय खाता? आठवड्याचं एकूण किती किमी? वजन?

पायवाट
लांब पळताना नखं काळी पडत असतील तर बूट अर्धा नंबर मोठा घ्या आणि बोटांच्या बेचक्यात पेट्रोलियम जेली लावा. माझी दोन नखं गेल्यावर हे शिकले. काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूलाही लावा.

तूप_शक्ती
जेल म्हणजे नुसती साखर. कितीही बारीक माणसाच्या अंगावर चरबीचा इतका साठा असतो की कित्येक मॅरेथॉन निघतील. शरीराला ती जाळायची सवय लावा. मी दोन वर्षं उपाशीपोटी लाँग रन करतोय, खिशात जेल ठेवत नाही, मला कधी भिंत लागली नाही, म्हणजे पाय असे एकदम बंद पडले नाहीत.

अर्धा_पल्ला
नखं ठीक आहेत, धन्यवाद.
मैलाचा_दगड: पेस ५:३५ ते ५:४०. चार तासांत संपवायचं तर ५:४१ पडतो, मग त्याच वेगाची सवय नको का? पहिलं जेल २० व्या किमीला, त्याआधी गरजच वाटत नाही. जेलवर स्पोर्ट्स ड्रिंक पितो. आठवड्यातून तीन दिवस पळतो, लाँग रन धरून ४२-४४ किमी. वजन ७२. आता जेल सांगा.

मैलाचा_दगड
निघण्याआधी काय खाता ते राहिलंच.

अर्धा_पल्ला
काळी कॉफी. पहाटे पाचला निघतो, त्या वेळी घास उतरत नाही. शिवाय उपाशीपोटी पळावं असं इथेच एका धाग्यावर वाचलं होतं.

मैलाचा_दगड
मग जेलची चूक नाही. ढोबळ हिशोब मांडा. पळताना दर किमीला, दर किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी लागते. ७२ गुणिले २७ म्हणजे १९४४. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी. काही ऊर्जा चरबीतून येते हे खरं, पण वेग जितका वाढवाल तितका ग्लायकोजेनवर भार जास्त. त्यात रक्तातली साखर सांभाळायचं काम यकृतातल्या साठ्याचं, आणि तो रात्रभराच्या उपासाने आधीच उतरलेला. गार घाम आणि घड्याळाचा अर्थ न लागणं मला त्याचीच खूण वाटते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमच्या पेसने २० किमी म्हणजे जवळपास १ तास ५३ मिनिटं. तेवढा वेळ पोटात काहीच नाही.
आणि जेलवर स्पोर्ट्स ड्रिंक म्हणजे साखरेवर साखर. घट्ट पाक पोटात पडून राहतो. जोरात पळताना रक्त पायांकडे वळलेलं असतं, आतड्यांना कमी मिळतं. कळ त्यातून आली असणार. जेल साध्या पाण्याबरोबर घ्या, ड्रिंक वेगळ्या वेळी.

संथ_पण_सतत
खाण्याचं बरोबर आहे, पण मूळ दुखणं वेगाचं आहे. दर वेळी शर्यतीच्या वेगाने लाँग रन करायचा नसतो! माझ्या पहिल्या दोन फुल मी अशाच घालवल्या. दर रविवारी शर्यत पळायचे आणि खऱ्या शर्यतीच्या दिवशी पायांत काही उरलेलं नसायचं. लाँग रन गप्पा मारता येतील अशा वेगाने करा, तुमच्यासाठी ६:२० ते ६:४५. त्यातच केशवाहिन्या वाढतात, चरबी वापरायची ताकद वाढते, सांधे कणखर होतात. शर्यतीचा वेग आठवड्याच्या मधल्या एका रनला ८-१० किमी ठेवा, बास. शिवाय ४४ पैकी ३० किमी एकाच दिवशी हे प्रमाण बरं नाही. चौथा दिवस काढा, ६-७ किमी सावकाश.
हाफ मॅरेथॉनचा (२१.१ किमी) तुमचा चांगला वेळ कोणता? चार तास कशावरून ठरवलेत?

अर्धा_पल्ला
हाफ १:५६. दुप्पट केली तर ३:५२, म्हणून चार तासांत सहज होईल असं धरलं.

संथ_पण_सतत
दुप्पट करून चालत नाही. पीट रीगलचं जुनं सूत्र आहे, अंतर दुप्पट झालं की वेळ २ चा १.०६ वा घात, म्हणजे साधारण २.०८५ पट. ११६ मिनिटं गुणिले २.०८५ म्हणजे ४:०२. तेही फुलची तयारी पूर्ण असेल तर. तीन दिवस पळणाऱ्याने ४:१० ते ४:१५ मनात ठेवावं आणि पहिले १० किमी हात आखडता ठेवावा. ३० नंतर त्राण उरलं तर वाढवा.

धावता_धोटा
तळात कार्बनची पट्टी असलेले, कार्बन प्लेटचे बूट घ्या हो, मिनिटं आपोआप कमी होतात. केनियाच्या किपचोगेने व्हिएन्नात फुल मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० मध्ये केलं ते त्याच बुटांवर.

लॅप_बटण
ती २०१९ ची धाव विक्रमात धरलेली नाही, आणि बूट हे त्याचं कारण नव्हतं. वेग धरून देणारे पेसर पाळीपाळीने बदलत होते आणि बाटली सायकलवरून हातात दिली जात होती. नियमात बसणाऱ्या शर्यतीत केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ केले. आणि बुटाच्या तळाची जाडी आता ४० मिमीपर्यंतच चालते.

धावता_धोटा
मी बुटांबद्दल बोलत होतो.

संथ_पण_सतत
पाच आठवडे उरलेल्या माणसाला नव्या बुटांत घालू नका. पोटऱ्या धरतील.

तूप_शक्ती
माझ्या मुद्द्याला कोणी उत्तर देत नाही. चरबी अमर्याद आहे तर साखरेच्या मागे का धावायचं?

मैलाचा_दगड
देतो. तेवढीच ऊर्जा काढायला चरबीला प्राणवायू जास्त लागतो, आणि शर्यतीच्या वेगाला प्राणवायूच अपुरा पडतो. लुईस बर्क यांच्या गटाने ऑस्ट्रेलियात अव्वल रेसवॉकर्सवर (वेगात चालण्याच्या शर्यतीचे खेळाडू) प्रयोग केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. भरपूर चरबीच्या आहारावर त्यांचं चरबी जाळणं खूप वाढलं, पण त्याच वेगाला प्राणवायू जास्त लागायला लागला आणि वेळ सुधारली नाही. कर्बोदकं खाणाऱ्यांची सुधारली. सावकाश पळणाऱ्याला तुमची पद्धत मानवत असेल, माझी हरकत नाही. पण पाच आठवडे हातात असलेल्या माणसाला ती सांगू नका.

तूप_शक्ती
दोन वर्षांचा स्वतःचा अनुभव मी कागदावरच्या प्रयोगासाठी सोडणार नाही. पण पाच आठवडे कमी पडतात हे मान्य.

सकाळचा_गजर
मी शर्यतीच्या अर्धा तास आधी आयबुप्रोफेनची एक वेदनाशामक गोळी घेतो आणि वाटेतल्या पाण्याच्या दर टेबलावर दोन ग्लास पाणी. भिंत वगैरे काही लागत नाही.

नाडी_बघते
हे वाचून गप्प बसवेना, मी डॉक्टर आहे. शर्यतीआधी आयबुप्रोफेन घेऊ नका. लांब पळताना मूत्रपिंडाकडे रक्त आधीच कमी जातं, ही गोळी ते आणखी कमी करते. आणि तहान नसताना दर टेबलावर दोन ग्लास ओतणं त्याहून वाईट. रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, उलट्या, भ्रम, आणि पुढे जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त शेवटच्या रेषेवर तपासलं, १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. पळता पळता ज्यांचं वजन वाढलं होतं आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले, त्यांना धोका जास्त होता. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांनाच. तहान लागेल तसं प्या. एक तासाच्या रनआधी आणि नंतर वजन करा, किती घाम जातो ते कळेल. वजन वाढलं तर पिणं जास्त होतंय.

सकाळचा_गजर
गोळीचं माहीत नव्हतं. बंद करतो.

अर्धा_पल्ला
सगळं वाचलं. थोडं चिडूनच वाचलं, कारण मला वाटलं होतं की जेलचं नाव मिळेल आणि विषय संपेल. या रविवारी २६ आहे. नक्की किती आणि कधी घेऊ ते एकदाच सांगा.

मैलाचा_दगड
निघण्याआधी दीड-दोन तास ७०-८० ग्रॅम कर्बोदकं, सहज पचणारी. ब्रेड-जाम आणि केळं चालेल. त्यासाठी लवकर उठावं लागेल, इलाज नाही, शर्यतीलाही उठायचंच आहे. पहिलं जेल ४० व्या मिनिटाला, भूक असो नसो, पुढे दर ४० मिनिटांनी. पाकिटावर बघा, बहुतेकांत २० ते २५ ग्रॅम असतात. ते पचलं तर शर्यतीपर्यंत दर ३० मिनिटांवर या, तासाला ४० ते ५० ग्रॅम. नुसत्या ग्लुकोजची आतड्यातली वाट तासाला ६० ग्रॅमच्या आसपास तुंबते, फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने जातं, म्हणून मिश्रण असलेलं जेल घेतलं तर ९० पर्यंतही जाता येतं. पण तुम्हाला त्याची गरज नाही. आतड्यांनाही सराव लागतो, तो पायांच्या सरावाबरोबरच होतो.

अर्धा_पल्ला
रविवारचं सांगतो. पावणेचारला उठलो, ब्रेड-जाम आणि केळं. २६ किमी ६:३० ने. पहिले १० इतके हळू वाटले की दोनदा घड्याळ झाकून ठेवलं. जेल ४०, ८०, १२० ला, पाण्याबरोबर. १६० चं चौथं घशाखाली उतरेना, मळमळलं, पण कळ नाही आली. शेवटचे दोन किमी ५:५० ने आले आणि घरचा जिना धावत चढलो. जेल तेच जुनं.
आता दोन प्रश्न. ३० चा शेवटचा रन कधी? आणि आदल्या रात्री पोट फुटेस्तोवर जेवायचं ना?

संथ_पण_सतत
पुढच्या रविवारी, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर दर आठवड्याला अंतर उतरवत आणा, वेग तसाच ठेवा. तिसऱ्या आठवड्यात पाय जड वाटतील, उगाच कुठे कुठे दुखेल, घाबरून जास्तीचा रन काढू नका.

मैलाचा_दगड
आदल्या रात्री नाही. तट्ट भरलेलं पोट घेऊन रेषेवर उभे राहाल. आधीचे दीड-दोन दिवस पसरून खा, दिवसाला दर किलो वजनामागे १० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुम्हाला ७०० ग्रॅम. भात, ब्रेड, बटाटा, रस. चरबी आणि चोथा कमी करा, नाहीतर एवढं पोटात मावत नाही. वजन किलो-दीड किलो वाढेल, ते ग्लायकोजेनबरोबर साठलेलं पाणी, घाबरू नका. रात्रीचं जेवण लवकर आणि बेताचं.

पायवाट
टेबलावर कागदी ग्लास मिळाला तर वरची कड चिमटीत दाबून चोच करा, एका बाजूने प्या. नाहीतर अर्धं पाणी नाकात जातं. आणि पहिल्या टेबलाशी गर्दी असते, शेवटच्या टेबलाकडून उचला.

अर्धा_पल्ला
हे उपयोगी आहे. ३० झाला की लिहितो. चौथ्या जेलच्या मळमळीवर कोणाकडे उपाय असेल तर सांगा, वेगळी चव घेऊन बघू का?

नाडी_बघते
घ्या. नाहीतर दोन घोटांत संपवायचं सोडून पाकीट हातात धरा आणि एका किलोमीटरभर थोडं थोडं चोखत राहा, मधे पाण्याचा घोट. माझं तिसरं-चौथं असंच उतरतं.