फिगिगला (मोरोक्को) बस-टॅक्सीने कसं जायचं?

सुट्टीखोर: मंडळी, ऑक्टोबरमध्ये मोरोक्कोला जातोय. वाळवंटातल्या मर्झुगाला उंटावर सगळेच बसतात म्हणून मला फिगिग गाठायचंय, एकदम अल्जेरियाच्या बॉर्डरवर. नकाशात पलीकडचं अल्जेरियातलं बेनी उनिफ गाव हाकेच्या अंतरावर दिसतंय, तर फिगिगहून तसंच पुढे अल्जेरियात घुसता येईल का? आणि एर-राशिदियाकडून येऊ की ऊज्दाकडून? गाडी चालवणार नाहीये.

रेतीतला_मासा: अल्जेरियाचं विसरा. बॉर्डर १९९४ पासून बंद आहे, व्हिसा असला तरी सोडत नाहीत. २०२१ मध्ये अल्जेरियाने मोरोक्कोच्या विमानांना हवाई हद्दही बंद केली, त्यामुळे ट्युनिस नाहीतर स्पेनवरून वळसा घाला. फिगिगला रस्ता संपतो, आलात तसं परत बुआर्फाला, म्हणजे अलीकडच्या गावाला.
मी असतो तर फेझहून ट्रेनने ऊज्दा आणि तिथून बस धरली असती, लांबचं आहे, जवळपास अख्खा दिवस जातो पण निदान भरवसा आहे. राशिदियाकडून बुआर्फापर्यंत बस कमी, मग शेअर टॅक्सी, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही, तुम्ही कितीही घड्याळ बघा.

मुक्कामपोस्ट: वाटेत चेकपोस्टवर पासपोर्ट बघतात, काय काम करता विचारतात, गप्प खरं सांगायचं. फोटोकॉपी जवळ ठेवा. ड्रोन तर नेऊच नका, मोरोक्कोच्या कस्टममध्येच काढून घेतात. सैनिकांच्या चौक्यांकडे कॅमेरा नको.
आणि बॉर्डरचा विषय तिथे कुणाशी स्वतःहून काढू नका, मार्च २०२१ मध्ये अल्जेरियाने बॉर्डरवरच्या अल-अर्जा भागातल्या खजुराच्या बागा खाली करायला लावल्या, फिगिगच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या, त्यांना ते अजून लागतं.

सुट्टीखोर: मग एवढं लांब जाऊन बघायचं काय? एक रात्र पुरे ना?

रेतीतला_मासा: एका रात्रीसाठी एवढा प्रवास म्हणजे डोक्याला ताप, दोन तरी ठेवा. सात जुन्या वस्त्या आहेत, त्यांना क्सर म्हणतात, मातीच्या भिंती आणि वर खजुराच्या खोडांची छपरं घातलेल्या अंधाऱ्या गल्ल्या, दुपारी पण गार. सगळ्यात मोठी झेनागा खालच्या अंगाला, बाकीच्या वर पठारावर, मध्ये कडा. त्यातल्याच ऊदाघिर वस्तीतला दगडी अष्टकोनी मिनार चुकवू नका.
पण खरी गंमत पाण्याची आहे. झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून बागांना येतं आणि त्यावर हक्क तासामिनिटांनी, ४५ मिनिटांचा एक हिस्सा, त्याला खर्रूबा म्हणतात. तो विकता येतो, वारसाने पण मिळतो. पूर्वी हे मोजायला तळाला भोक पाडलेलं तांब्याचं भांडं पाण्यावर सोडायचे, आपल्या घटिकापात्रासारखं. बागेत कुणी पाट वळवताना दिसला की थांबून बघा, मातीचा एक बांध फोडला की पाणी शेजारच्या वाफ्यात जातं आणि लगेच दुसरा बांध बुजवतात.

मुक्कामपोस्ट: ऑक्टोबर म्हणजे खजुराचा सीझन, तिथला अझिझा खजूर घ्याच. रोख दिरहॅम मोठ्या शहरातच काढून ठेवा, आणि परतीची बस किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारून घ्या.