मदत हवी आहे: यादीत कऱ्हाड दोनदा का दिसतंय?

आमच्या कॉलेजच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे आणि यादी माझ्या गळ्यात पडलीये. सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवरून नाव-गाव पाठवलं, मी ते एक्सेलमध्ये घेतलं, गावाचा फिल्टर लावला तर कऱ्हाड दोनदा! एकात 7 जण, दुसऱ्यात 4. स्पेस असेल म्हणून ट्रिम केलं, फॉन्ट बदलला, झूम करून डोळे फाडून बघितलं, काही फरक नाही. नवरा म्हणतो सरळ कराड करून टाक, पण वऱ्हाडचंही तेच झालंय, त्याचं काय करू?

शिवाय माझ्या फोनवर तो र सापडेना म्हणून ग्रुपवर "आचार्यांना ॲडव्हान्स दिलाय" असं गेलं, तेव्हापासून सगळे विचारतायत दीक्षा कधी आहे. 140 नावं परत टाइप करायचं त्राण नाहीये, प्लीज सांगा कोणीतरी.

प्रतिसाद 1:
दिसायला सारखे, आतून वेगळे. कोणाच्या कीबोर्डने ऱ हे स्वतंत्र अक्षर टाकलंय, कोणाच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. नुसता जॉइनर उडवू नका हां, कर्हाड होईल. सबस्टिट्यूट फॉर्म्युला लावा, शोधायला युनिकॅर (युनिकोडमधल्या, म्हणजे संगणकाच्या अक्षर-यादीतल्या, क्रमांकावरून अक्षर देणारं एक्सेलचं फंक्शन) 2352, 2381, 8205 हे तिन्ही ओळीने जोडून आणि त्याजागी 2353, 2381.

प्रतिसाद 2:
माझ्या फोनवर र दाबून धरला की ऱ वर येतो, त्याला हलन्त आणि मग य किंवा ह. लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर शिफ्ट दाबून जे, नंतर डी. बाकी आचाऱ्यांना नमस्कार सांगा :)

धागाकर्ती:
झालं!! कऱ्हाडचे 11 एका जागी आले, वऱ्हाडही जुळलं. पण आता वकील मंडळींचं ॲड. दोनदा दिसतंय, तेही हेच का?

प्रतिसाद 1:
त्यातलाच प्रकार. कोणी अ वर चंद्र दिलाय, म्हणजे 2309 आणि 2373, आणि कोणी अख्खा ॲ टाकलाय, तो 2418. हा युनिकोडमध्ये 2008 साली आला, त्यामुळे जुन्या फाइलींत पहिलाच जास्त सापडतो. पहिल्याच्या जागी दुसरा टाका. आणि कोणी ऍ लिहिला असेल तर तो तिसरा, 2317, तोही बघून घ्या.